नाव जळालेला डायोड: हर्णैच्या ट्रॉलरवरच्या व्हीएचएफ सेटचं एक प्रकरण

सेट आणि तक्रार

हर्णै बंदरातला एक यांत्रिक ट्रॉलर. केबिनमध्ये पक्का बसवलेला, १३.८ व्होल्टवर चालणारा २५ वॅटचा सागरी व्हीएचएफ सेट, म्हणजे नौकांना आपसात बोलायचा रेडिओ. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीकाळात नौका शाकारून ठेवलेली होती. सेट केबिनमध्येच राहिला, बॅटऱ्या काढून घरी चार्जिंगला नेल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्या परत जोडल्या, तेव्हा सेट लागेना. वायरीतला १० अँपिअरचा फ्यूज उडालेला होता. नवा घातला, तोही घालताक्षणी गेला. मग एका खलाशाने फ्यूजच्या काचेवरून तांब्याचे धागे गुंडाळले. आतून 'फट्' आवाज आला, मागच्या बाजूने धूर निघाला आणि सेट पुरता मुका झाला.

तारेची गोष्ट सहसा कुणी आपणहून सांगत नाही. म्हणून सेट दुरुस्तीला घेताना त्याच्यासोबत फ्यूज होल्डर आणि बॅटरीपर्यंतची सगळी वायर मागून घ्यावी. या प्रकरणात निम्मं उत्तर त्या वायरीतच होतं.

आधी नौकेवरची वीज समजून घेऊ. इंजिन सुरू करायला २४ व्होल्ट लागतात, म्हणून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. सेटला मात्र १२ व्होल्ट हवेत, म्हणून त्यातल्या एकाच बॅटरीवरून त्याच्या दोन वायरी घेतलेल्या. असली जोडणी किनाऱ्यावर सर्रास दिसते. तिच्यात चूक तीन तऱ्हांनी होऊ शकते: एका बॅटरीवर उलटी जोडणी, दोन्ही बॅटऱ्यांवर म्हणजे २४ व्होल्टवर सुलटी जोडणी, किंवा २४ व्होल्टवर उलटी. तिन्हींची पहिली खूण एकच, फ्यूज उडणे. आतलं नुकसान मात्र तीन निराळ्या प्रकारचं असतं.

सेट उघडण्याआधीचं मोजमाप

मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून सेटच्या वायरीवर दोन्ही दिशांनी टोकं लावली. धडधाकट सेटमध्ये मीटरचं लाल टोक काळ्या वायरीला आणि काळं टोक लाल वायरीला लावलं की ०.४५ ते ०.५५ व्होल्ट दिसतात. हा आतल्या संरक्षक डायोडचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचा पुरावा. टोकं उलटी केली की आकडा हळूहळू चढतो, कारण आतले कपॅसिटर भरत असतात. संरक्षक डायोड शॉर्ट झाला असेल तर दोन्ही दिशांनी जवळपास शून्य येतं.

इथे दोन्ही दिशांनी काहीच आलं नाही, पूर्ण ओपन. कपॅसिटरचं चढणंसुद्धा नाही. म्हणजे नुसता डायोड ओपन होऊन भागत नाही. वीज आत शिरते ती वाटच कुठेतरी तुटलेली असणार. वायर टोकापासून टोकापर्यंत ठीक होती, होल्डरमधली गुंडाळलेली तारसुद्धा शाबूत होती. तुटलंय ते पेटीच्या आत.

त्या तारेबद्दल थोडं. तांब्याची तार किती अँपिअरला वितळते याचा जुना ठोकताळा असा: व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा दीड घात करायचा आणि ८० ने गुणायचं. ०.२ मिमीचा एक धागा साधारण ७ अँपिअरला वितळतो. असे सात धागे एकत्र पिळले की जवळजवळ ५०. आता हिशोब बघा. १२.६ व्होल्टची बॅटरी, जुन्या वायरीचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२ ओहम, उलट्या जोडणीत डायोडवर पडणारा दीडएक व्होल्ट. प्रवाह ५५ अँपिअरच्या आसपास येतो. १० अँपिअरचा फ्यूज असता तर तो क्षणार्धात उडाला असता आणि डायोड बहुधा वाचला असता. सात धाग्यांची तार मात्र त्या प्रवाहाला वितळायच्या काठावर नुसती तापत राहते, आणि तेवढ्या वेळात डायोडमध्ये ऐंशीएक वॅट उष्णता साचते. तीन अँपिअरचा डायोड ती काही सेकंदही पेलू शकत नाही.

आत काय दिसलं

मागचे स्क्रू काढून पेटी उघडली. सागरी सेटच्या कडेला रबरी गॅस्केट असतं. ते ओढून फाडायचं नाही, प्लास्टिकच्या पातीने सोडवायचं आणि स्वच्छ कागदावर त्याच आकारात ठेवायचं. उलटसुलट बसलं की सेट पाणी घेतो आणि पुढच्या पावसाळ्यात परत टेबलावर येतो.

बोर्डच्या कडेला, वीज आत येते तिथे रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग होता. कनेक्टरपासून निघालेला तीन मिमी रुंदीचा ट्रॅक, म्हणजे बोर्डवरची तांब्याची पट्टी, अर्ध्यात उडालेला, उरलेलं तांबं बोर्डपासून सुटून वर आलेलं. ट्रॅक ज्या भागापर्यंत जात होता तो भाग नव्हताच. दोन भोकांमध्ये दोन जाड पाय उभे आणि पेटीच्या तळाशी काळ्या प्लास्टिकचे दोन तुकडे, दोन्हींवर एकही अक्षर नाही. छापील खुणेतला 'डी' तेवढा वाचता येत होता, पुढचा आकडा करपला होता.

इथे बरेच जण 'काहीतरी डायोड आहे, १एन४००७ टाकून बघू' म्हणतात. तो टाकला तर सेट चालू होईल, हेच वाईट. १एन४००७ एक अँपिअरचा, त्याला एकदाच ३० अँपिअरचा झटका झेपतो. पुढच्या उलट्या जोडणीत १० अँपिअरचा फ्यूज उडायच्या आधी हाच फुटून ओपन होईल आणि उलटे १२ व्होल्ट थेट पुढच्या भागांवर जातील. असा संरक्षक नसल्यासारखाच, वर तो असल्याचा भरवसा.

भाग कोणता होता

अक्षरं नसली तरी जागा, पाय आणि शेजारी उरलेले होते.

जागा आधी. उडालेल्या ट्रॅकचं एक टोक कनेक्टरच्या धनाला, भागाचा एक पाय त्याच ट्रॅकवर, दुसरा पाय ग्राउंडच्या, म्हणजे ऋण बाजूच्या मोठ्या तांब्यावर. भागाच्या पुढे चोक, म्हणजे तारेचं वेटोळं, चोकनंतर १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, मग ट्रान्समीटरचं मॉड्यूल. म्हणजे हा भाग धन आणि ऋण यांच्यामध्ये आडवा, वीज सुलटी असताना झोपलेला आणि उलटी झाली की शॉर्ट होऊन फ्यूज उडवणारा. पट्ट्याची बाजू, म्हणजे कॅथोड, धनाकडे असणार.

असं काम दोन प्रकारचे भाग करतात. एक साधा रेक्टिफायर डायोड, तो फक्त उलट्या जोडणीपासून वाचवतो. दुसरा टीव्हीएस डायोड, म्हणजे ठरावीक व्होल्टच्या वर गेलं की आडवा येणारा. उलट्या जोडणीत हा साध्या डायोडसारखाच वागतो, शिवाय जादा व्होल्टलाही अडवतो. इथे दुरुस्तीतला खरा गुंता आहे. सुलट्या २४ व्होल्टला साधा रेक्टिफायर हूं की चूं करत नाही, जळणं तर दूरच. तेव्हा भाग रेक्टिफायर असेल तर जळण्याचं कारण उलटी जोडणी एवढंच उरतं. टीव्हीएस असेल तर कारण उलटी जोडणी किंवा २४ व्होल्ट, दोन्ही शक्य. भागाची ओळख आणि बिघाडाचं कारण एकमेकांत अडकलेली असतात. एक सुटल्याशिवाय दुसरं सुटत नाही.

पाय मोजले. व्हर्नियरवर तारेची जाडी १.२७ मिमी. १एन४००७ किंवा ६०० वॅटच्या पी६केई जातीच्या भागांचे पाय ०.७ ते ०.९ मिमीचे असतात, म्हणून ते दोन्ही बाद. १.२ ते १.३ मिमी ही तीन अँपिअरच्या १एन५४०० ते १एन५४०८ या घराण्याची जाडी. १५०० वॅटच्या १.५केई जातीच्या टीव्हीएसचे पाय बऱ्याच कंपन्यांच्या मालात १ मिमीच्या आसपास असतात, पण काही कंपन्या त्यांनाही जाड पाय देतात. म्हणून पायांवरून कौल रेक्टिफायरकडे झुकतो, फैसला होत नाही. करपलेल्या छापावरची चौकट साडेनऊ मिमी लांब होती. तीही दोघांना बसते.

मग शेजारी. नौकेवरची वायर पुन्हा तपासली. सेटच्या मूळ लाल-काळ्या वायरींना पुढे जोड देऊन वाढवलेलं होतं आणि वाढीव दोन्ही वायरी काळ्याच. चिकटपट्टीखाली जोड उघडून मीटरने माग काढला, तर सेटची लाल वायर ज्या टोकाला निघाली तिथल्या चिमट्यावर पांढरट शिशाच्या गंजाचा थर होता, आणि नौकेवर तो चिमटा खालच्या बॅटरीच्या ऋणाला लावलेला सापडला. कारण इथे ठरलं: एका बॅटरीवर उलटी जोडणी. २४ व्होल्टचा संशय आणखी एका गोष्टीने मिटला. २५ वॅटच्या सेटमधली ट्रान्समीटर मॉड्यूल्स चालू-बंद बटणाच्या आधीपासूनच थेट विजेवर असतात, आणि अशा मॉड्यूलची कमाल मर्यादा १७ व्होल्टच्या जवळपास असते. इथल्या मॉड्यूलच्या विजेच्या पायापासून ग्राउंडपर्यंत शॉर्ट नव्हता.

राहिला एक प्रश्न: डायोड फुटून ओपन झाला, तेव्हा उलटी वीज पुढे गेली का? इथे काय आधी जळलं याला महत्त्व येतं. ट्रॅक कनेक्टर आणि डायोड यांच्या मधला उडाला होता. ट्रॅक आधी तुटला असेल तर पुढच्या भागांनी डायोडवरच्या दीडएक व्होल्टपेक्षा जास्त उलटं काही पाहिलं नाही. डायोड आधी फुटला असेल तर काही क्षण पूर्ण १२ व्होल्ट उलटे गेले. बोर्डवर डायोडपुढचा चोक आणि त्याचा ट्रॅक स्वच्छ, रंगही बदललेला नाही. उलटे १२ व्होल्ट पुढे गेले असते तर मॉड्यूलच्या आतला उलटा डायोड वाहता झाला असता आणि चोकच्या पायांवर डाग पडला असता. म्हणून ट्रॅक आधी किंवा जवळजवळ त्याच क्षणी गेला, असं धरून पुढे गेलो. पण इलेक्ट्रोलिटिकला दीड व्होल्ट उलटेसुद्धा सोसत नाहीत. तो काढून मोजला: १००० च्या जागी ६४० मायक्रोफॅरड, ईएसआर म्हणजे त्याचा आतला रोध दीड ओहमच्या वर. नव्याचा ईएसआर ०.१ ओहमच्याही खाली असतो. वरचं पत्र्याचं टोपण किंचित फुगलेलं होतं, बोटाने कळत होतं, डोळ्यांना नाही.

काय बसवायचं

मूळ भाग बहुधा १एन५४०० घराण्यातला. या घराण्यातल्या सगळ्यांत फरक फक्त उलटं किती व्होल्ट झेपतं याचा, ५० पासून १००० पर्यंत. १२ व्होल्टच्या कामाला कुठलाही चालतो, आणि दापोली किंवा रत्नागिरीच्या दुकानात १एन५४०८ हमखास मिळतो. तो बसवला तर काम झालं.

तरी इथे १.५केई१८ए हा टीव्हीएस बसवायचं ठरलं. कारण नौकेवर २४ व्होल्ट हातभर अंतरावर आहेत आणि नाखवा, म्हणजे नौकेचा मालक, या हंगामात बॅटऱ्यांची मांडणी बदलणार नव्हता. या भागाचे आकडे असे: १५.३ व्होल्टपर्यंत तो झोपलेला, १७.१ ते १८.९ व्होल्टला जागा होतो, सरळ दिशेने एकदाच २०० अँपिअरचा झटका झेपतो, म्हणजे १एन५४०८ इतकाच. सेटची स्वतःची मर्यादा १३.८ व्होल्टच्या वरखाली १५ टक्के, म्हणजे ११.७ ते १५.९. चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ च्या आसपास जाते, तेव्हा तो मध्ये येत नाही.

त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा मात्र नको. १५०० वॅट हा आकडा एक हजारांश सेकंदाच्या झटक्याचा आहे. कुणी सेट २४ व्होल्टवर लावलाच तर हा टीव्हीएस फ्यूज उडेपर्यंत टिकणार नाही. तो आधी शॉर्ट होईल, आणि शॉर्ट झाल्यावरच प्रवाह एवढा वाढेल की फ्यूज लगेच जाईल. भाग मेला, मॉड्यूल वाचलं. पण हे सगळं फ्यूजच्या जागी खरा फ्यूज असेल तर.

काही जण आडव्या डायोडऐवजी धन वायरीतच शॉट्की डायोड घालतात, म्हणजे उलटी वीज आत येणारच नाही. कल्पना चांगली, पण २५ वॅटवर सेट पाचेक अँपिअर ओढतो. अर्धा व्होल्ट कायमचा जातो, अडीच वॅट उष्णता बंद पेटीत साचते आणि ट्रान्समीटरची ताकद उतरते. आधीच वायरीत व्होल्ट गळणाऱ्या नौकेवर तर नकोच.

भाग बसवण्याआधीची परीक्षा

बाजारात नकली टीव्हीएस येतात, वरचा छाप पुसून दुसरा मारलेले. मीटरच्या डायोड खुणेवर अस्सल आणि नकली दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४-२५ व्होल्ट घेतले, धनातून १ किलोओहमचा रोध घातला, त्यापुढे भागाचा पट्ट्याचा पाय, दुसरा पाय ऋणाला. भागावरचे व्होल्ट मोजले: १८.३. पूर्ण २४-२५ दिसले असते तर तो साधा डायोड किंवा भलत्याच व्होल्टचा टीव्हीएस. मग तीच जोडणी १५ व्होल्टवर करून रोधावरचे व्होल्ट पाहिले. ते ५ मिलिव्होल्टपेक्षा कमी हवेत; जास्त असले तर भाग गळका.

बोर्डची दुरुस्ती

काळा डाग नुसता काजळीचा नसतो. फायबर बोर्ड करपला की त्याचा कोळसा होतो आणि कोळसा वीज वाहतो. वरून नवा भाग बसवला तर सुरुवातीला सगळं ठीक वाटतं, मग दमट हवेत तो कोळसा गळती सुरू करतो आणि एक दिवस तिथेच पुन्हा ठिणगी पडते. म्हणून करपलेलं सगळं खरवडून काढलं, आधी ब्लेडने, मग बारीक कानसेने, खाली पिवळट-हिरवा निरोगी बोर्ड दिसेपर्यंत. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ताठ ब्रशने धुतलं. वीज आणि ग्राउंडच्या मधला रोध मीटरच्या वरच्या पल्ल्यावर मोजला. मेगाओहममध्ये हवा; किलोओहममध्ये अडकला तर कोळसा अजून आत आहे, किंवा बोर्डच्या आतल्या थरांपर्यंत गेलाय. खड्डा दोन भागांच्या इपॉक्सीने भरला आणि रात्रभर वाळू दिला.

ग्राउंडचं तांबं मोठं असल्याने छोट्या सोल्डरिंग आयर्नने तिथलं सोल्डर वितळत नाही, माणूस जोर लावतो आणि पॅडच उखडतो. ६० वॅटचं, रुंद टोकाचं आयर्न ३५० अंशांवर, भरपूर फ्लक्स, आणि आधी ताजं ६०:४० सोल्डर लावून मग जुनं उपसायचं. पाय निघाले, भोकं सोल्डर विकने साफ केली.

ट्रॅकच्या जागी १.५ चौरस मिमीची कल्हई केलेली तांब्याची तार, कनेक्टरच्या पायापासून थेट डायोडच्या कॅथोड पायापर्यंत, वर स्लीव्ह. ही तार बोर्डच्या उरलेल्या सुट्या तांब्यावर सोल्डर करायची नाही. ते तांबं बोर्डला धरून नाही, नौकेच्या थरथरीने सुटेल. सुटा तुकडा कापूनच टाकला. टीव्हीएस बोर्डपासून चार मिमी वर उभा केला, पट्टा धनाकडे. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट १०५ अंशांचा, जुन्या इतक्याच उंचीचा. उंच असला तर झाकण बसत नाही.

शेवटी बोर्डच्या त्या भागावर ॲक्रिलिकचा संरक्षक स्प्रे. कनेक्टर, माइकचं सॉकेट आणि ॲडजस्टमेंटचे छोटे स्क्रू आधी टेपने झाकले. भोकं बुजवायला सिलिकॉन वापरायचा मोह होतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं आणि खाऱ्या हवेत ते काम दुप्पट वेगाने करतं. वापरायचंच तर न्यूट्रल जातीचं.

वीज देताना

पहिली वीज कधीही थेट बॅटरीवरून नाही. प्रवाह मर्यादित करणारा सप्लाय असेल तर १३.८ व्होल्ट, मर्यादा ५०० मिलिअँपिअर. नसेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब धन वायरीत सिरीजमध्ये. सेट शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजळतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरवर अडवून धरतो. ठीक असेल तर मिणमिणतो. इथे बल्ब लागला आणि मंद राहिला, पडदा उजळला. आतले ८, ५ आणि ३.३ व्होल्टचे सप्लाय बरोबर आले. मग बल्ब काढला. ऐकण्याच्या स्थितीत सेट ४०० मिलिअँपिअर घेत होता.

ट्रान्समिट करताना अँटिनाच्या जागी ५० ओहम ५० वॅटचा डमी लोड, म्हणजे ताकद नुसती उष्णतेत जिरवणारा रोध, आणि मध्ये पॉवर मीटर. अँटिना किंवा लोड न लावता बटण दाबलं तर नुकतंच वाचवलेलं मॉड्यूल जातं. आधी १ वॅट, मग २५ वॅट, प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद. २५ वॅटवर प्रवाह ५.३ अँपिअर, ताकद २३ वॅटच्या वर. मॉड्यूल उलट्या विजेत दुखावलं असतं तर इथे कळलं असतं: प्रवाह पूर्ण, ताकद निम्मी.

नौकेवरचं काम

सेट ठीक करून त्याच वायरीला लावणं म्हणजे तोच डायोड पुन्हा जाळायची सोय. जुनी वायर १ चौरस मिमीची, एका बाजूने सहा मीटर. येऊन-जाऊन बारा मीटरचा रोध नव्या वायरीतही ०.२३ ओहम होतो, ५.३ अँपिअरला १.२ व्होल्ट गळती. त्यात चिमटे आणि जोड. इन्सुलेशन सोलल्यावर तांबं हातभर आतपर्यंत काळं पडलेलं, जोडांवर हिरवा कळंक. तांडेलाची बंदीआधीची तक्रार होती की लांबच्या नौकांना आवाज पोचत नाही. ती सेटची नव्हती, या वायरीची होती.

नवी वायर २.५ चौरस मिमीची, कल्हई केलेल्या धाग्यांची, लाल आणि काळी, मध्ये कुठेही जोड नाही. टोकांना गोल लग दाबून बसवले, वर आतून गोंद असलेली श्रिंक नळी. चिमटे बाद. बॅटरीच्या धनाचा आणि ऋणाचा बोल्ट वेगवेगळ्या जाडीचे असल्याने लगही वेगवेगळ्या भोकाचे घेतले: ८ आणि १० मिमी. मोठ्या बोल्टवर लहान भोक बसतच नाही, मग घाईत, अंधारातही अदलाबदल होत नाही. फ्यूज होल्डर बॅटरीच्या धनापासून वीतभर अंतरावर, म्हणजे पुढची सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणात. १० अँपिअरचे चार जादा फ्यूज पिशवीत घालून होल्डरलाच टायने बांधले. फ्यूज हाताशी असला की तार शोधावी लागत नाही.

सेट खालच्या बॅटरीवरच हवा, जिचं ऋण इंजिनाच्या धातूला जोडलेलं आहे. वरच्या बॅटरीवर घेतला तर सेटचं ऋण इंजिनापेक्षा १२ व्होल्ट वर बसतं. सेटची पेटी आणि अँटिनाच्या केबलचं वरचं जाळं त्याच ऋणाला जोडलेलं असतं. ते कुठे इंजिनाच्या धातूला टेकलं की शॉर्ट थेट केबलच्या जाळ्यातून होतो. ऋण वायरीत फ्यूज नसेल तर त्याला अडवणारं काहीच नसतं. खालच्या बॅटरीवर घेण्याचा तोटा एवढाच की ती वरचीपेक्षा जास्त उतरते आणि लवकर मरते. २४ चे १३.८ करणारा १० अँपिअरचा कन्व्हर्टर हा खरा उपाय. तो घेतला तर सेट आणि अँटिनाच्या केबलपासून मीटरभर लांब बसवावा, नाहीतर त्याची खरखर ऐकण्यात येते.

जोडणीनंतर इंजिन बंद ठेवून मोजमाप: बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सेटच्या मागे ऐकताना १२.५, २५ वॅटवर बोलताना १२.०. चाचणीचा संवाद चॅनल १६ वर केला नाही, ते संकट आणि पुकाऱ्यासाठी राखीव. दुसऱ्या नौकेला कामाच्या चॅनलवर बोलावून आवाज तपासला. अँटिनाचा एसडब्ल्यूआर मात्र २.८ आला. अँटिनाकडून किती ताकद परत फिरते याचं हे माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. डोलकाठीच्या टोकाशी असलेल्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून केबलचं जाळं पाव मीटर काळं पडलं होतं. तेवढी केबल कापून नवा कनेक्टर बसवला, आधी आपोआप चिकटणारा रबरी टेप आणि वर पीव्हीसी टेप, गुंडाळी खालून वर, म्हणजे पाणी कडांवरून ओघळतं. एसडब्ल्यूआर १.४ वर आला.